डुडेकची लाल नखं

नाही, ते कात्रण ठेव आधी पर्समध्ये — सॉसेजचं तेल लागेल त्याला. वाचलंय मी. गावात कुणी वाचायचं राहिलंय? ‘व्हर्जिल टॅकेट यांचं निधन, त्यांच्याच भरकटलेल्या चेंडूनं त्रेपन्नची बेसबॉल फायनल गेली’ — चौतीस वर्षांनी, मेलेल्या माणसाबद्दल हे? तुझ्या बापाचा चेंडू कधी भरकटला नाही, पोरी. आणि हे मी सांगतोय, काझिमिर डुडेक, त्याचे चेंडू झेलणारा कॅचर, सात हंगाम त्याच्यासमोर उकिडवा बसलेला. माझ्या गुडघ्यांना विचार. त्या पेपरवाल्याला काय कळतंय, त्यानं कधी हातात ग्लव्ह तरी घातलाय का?

मग तो चेंडू माझ्या मागं कुंपणापर्यंत गेला कसा, असंच ना? बापासारखंच बघतेस. सांगतो की. मी काही कुणाला भीत नाही. शेवटचा डाव, बरोबरी, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस पळायला टपलेला. कुठला चेंडू टाकायचा ते मी खाली बोटांनी दाखवायचं — एक म्हणजे सरळ, वेगाचा. दोन म्हणजे वळणारा. मी दोन दाखवली. वळणाऱ्यासाठी बाजूला सरकून बसलो, आणि आला सरळ, गेला मागं, तोवर तिसऱ्यावरचा त्यांचा माणूस धाव काढून मोकळा. आता चेंडू टाकणाऱ्याला, पिचरला, लांबून बोटं दिसावीत म्हणून आम्ही नखं रंगवायचो — बायकोची लाल बाटली, आमची हेलन हसायची — सगळेच रंगवायचे, त्यात लाजायचं काय? फक्त माझ्या एका नखाखाली रक्त साकळून काळं झालेलं. चार दिवस आधी चेंडू लागून मधलं बोट मोडलेलं. मॅनेजरला दिसलं असतं तर बाकावर बसवलं असतं मला, आणि तिथं एक नवा कॅचर दात काढून वाटच बघत होता, आणि वरच्या लीगचा माणूस त्याच दिवशी मला बघायला आलेला. मग? मी बाहेर बसायचं होतं? तू बसली असतीस? रंगवलं मी नख. कुणाला कळलं नाही. बोट तेवढं सरळ होत नव्हतं.

खेळ संपल्यावर व्हर्जिलनं आत येऊन हळूच विचारलं, “काझ, एकच होतं ना?” मी म्हटलं, “दोन.” माझ्या हाताकडं बघत राहिला तो. मग बाहेर जाऊन पेपरवाल्यांना म्हणाला, हात घसरला माझा. मी सांगितलं होतं का त्याला? सांगितलं होतं का, हात घसरला म्हण म्हणून? वेडा माणूस. मला वर बोलावलं — अकरा मॅच खेळलो मोठ्या लीगमध्ये, अकरा, काढून बघ हवं तर. त्याला संघातून काढलं, मग खाणीत गेला, ते तुला माहितीच आहे. बावीस वर्षं या दुकानात यायचा. शनिवारी, अर्धा किलो सॉसेज. एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलायचं होतं की त्यानं! माझ्या तोंडावर थुंकला असता तरी चाललं असतं मला.

उद्या चर्चमध्ये अंत्यविधीला त्याच्याबद्दल काय बोलू, हेच विचारायला आलीस ना? हे बघ. इकडं बघ, हाताकडं. मी आत्ता दोन बोटं दाखवतोय तुला. किती दिसतात?

नीट बघ.

एकच ना. हेच सांग उद्या, माझं नाव घेऊन सांग. आता जा. दार ओढून घे जाताना.