१.४.० ही आवृत्ती माझी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक सन्माननीय सिताराम म्हात्रे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, पावणे एमआयडीसीतल्या ऑफिसातले माझे सहकारी आणि त्यांच्या घरची मंडळी,

नऊ वर्षांपूर्वीची एक दुपार. मी आणि मिथुन एका रिकाम्या फोल्डरकडे बघत बसलो होतो. नवीन लायब्ररीला नाव काय द्यायचं, यावर तासभर वाद. चहावर साय धरली. शेवटी मिथुन म्हणाला, "ताई, नाव ठेवायला आत्या लागते. तुमीच ठेवा." मी म्हटलं, 'पडाव'. इकडचं तिकडे नेणारी खाडीतली होडी.

घरच्या मंडळींसाठी सांगते. दवाखान्याच्या वेबसाइटवर तुम्ही अपॉइंटमेंटचं बटण दाबता, तेव्हा तुमचा निरोप सर्व्हरपर्यंत नेणारा आणि उत्तर परत आणणारा तयार कोड म्हणजे ही लायब्ररी. आम्ही ती लिहितो, बिल्ड करतो, म्हणजे लिहिलेल्याची पाठवण्याजोगी तयार फाइल बनवतो, आणि इंटरनेटवर प्रकाशित करतो. नवी आवृत्ती गेली, की दवाखान्यांची पानं ती आपोआप उचलतात.

प्रकाशित करण्याचा अधिकार आज सहापर्यंत माझ्याकडे आहे. मी निवृत्त होताच तो अंकुरकडे जायचा, असं ठरलंय. अंकुर गुणी आहे, पण त्याला इथे येऊन आठ महिने झालेत. पडावच्या निम्म्याहून जास्त ओळी मिथुनच्या आहेत. मग अधिकार त्याला का नाही? कारण तीन वर्षांपूर्वी १.४.० ही आवृत्ती रिकामी गेली, आणि आवृत्त्यांच्या नोंदीत तिच्यापुढे मिथुनचं नाव आहे.

मिथुन, मान हलवू नकोस. बस खाली.

त्या दिवशी त्याच्या बहिणीची हळद होती. करावे गावात लग्न चुकलेलं चालेल, हळद नाही. जाताना म्हणाला, "बिल्ड केलाय, तपासलाय. चारला फक्त पब्लिश करा, ताई, माझ्याच मशीनवरून. टेन्शन नाय."

चारला मी बसले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बाक आवरल्याशिवाय उठू देत नसत. ती खोड अजून गेलेली नाही. दुसऱ्याचं मशीन, म्हणून जास्तच आवरलं. जुन्या फाइली काढल्या, त्यांच्यासोबत नुकताच केलेला बिल्डही पुसला. मग पब्लिश केलं; मशीन त्याचं, म्हणून नोंदीत नावही त्याचंच लागलं. काम झाल्याची हिरवी खूण आली आणि मी पर्स उचलून घरी गेले. जगाला मिळालं माहितीचं एक पान. कोड शून्य. सतरा दवाखान्यांची बटणं बंद पडली.

साहेब, त्यानंतरच्या सोमवारी तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "हळदीच्या नादात केलंस ना हे?" मी तोंड उघडणार, तोच हा म्हणाला, "हो सर."

जिन्यात त्याला गाठलं. "असं का केलंस रे?"

"तुमचं कंत्राट रिन्यू व्हायचंय, ताई. भाऊजी आजारी हायेत. मला काय, बाबाची होडी हाय."

होडी त्यांनी कधीच विकली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. कंत्राट रिन्यू झालं. पुढच्या वर्षी माझे मिस्टर गेले. त्यानंतर गप्प राहायला कोणतं कारण होतं? चांगली बाई म्हणवून घ्यायची सवय लागली होती, दुसरं काय! कोड याने लिहायचा आणि पब्लिशचं बटण शेजारच्या खुर्चीवरून मी दाबायचं, असं तीन वर्षं चाललं.

रुतिका, पाणी दे गं जरा.

तर, हे निरोपाचं भाषण नेहमीसारखं झालं नाही. तुम्ही शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. सणाच्या ताटात खडा आला असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने मला पदरात घ्यावं. मिथुनची माफी मी घरी जाऊन मागेन, त्याच्या आईसमोर.

आता देण्याघेण्याचं. माझ्या कामाच्या वह्या आमच्या टीममधल्या रुतिकाला. बिल्ड तपासायची यादी अंकुरला, आणि तिच्यात पहिली ओळ आज मीच घातली आहे: पब्लिश करण्याआधी काहीही आवरू नये. १.४.० च्या नोंदीत सकाळी मी माझं नाव लिहिलंय, ते कुणी पुसू नका. अधिकाराच्या फॉर्मवर मिथुनचं नाव भरून आणलंय. खाली सही तुमची हवी, साहेब. पावणेसहा वाजलेत.