एकही पुरवणी नाही

प्रवेश परीक्षांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कंटाळा आला तर थांबवा. ऐंशीच्या दशकात मी परराज्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसलो. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर उत्तरावर खूण करायची. आमचे अप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. पोराची हुशारी ते पुरवण्यांवरून मोजायचे. रजा टाकून परीक्षा केंद्राबाहेर उभे होते.

"किती पुरवण्या लावल्या?"

"एकही नाही."

"कागद संपले होते?"

"अप्पा, लिहायचंच नव्हतं. नुसत्या खुणा करायच्या होत्या."

"बाकीची पोरं?"

"तीही खुणाच करत होती."

"त्यांचं जाऊ दे. तू मागायची होतीस एक."

अप्पा घरी आईला म्हणाले, "कोरा पेपर देऊन आलाय."

मला प्रवेश मिळाला, तर म्हणाले, "तपासणाऱ्याला दया आली असेल." मला ते अजूनही अधूनमधून पटतं.

पुढे पीएचडी झाली. जाडजूड प्रबंध अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो तोलून पाहिला, शिवण तपासली आणि म्हणाले, "हे त्याच दिवशी लिहिलं असतंस, तर एवढी वर्षं माझ्या जिवाला घोर लागला नसता."