आख्खी गोळी

तर ऐका ना, आमची शेजारीण गायत्री वेल्ह्याहून पुण्याच्या एसटीत बसते न बसते तोच पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि एक तरणी बाई बोलायला लागल्या.

“मावशी, तुमीबी कॅन्सरच्या दवाखान्यात?”

“व्हय. आमचं मालक गेलं. दुखणं थांबवायच्या मॉर्फिनच्या गोळ्या उरल्यात, त्या माघारी द्यायच्यात.”

“आमच्या मामंजींनाबी त्याच हायत. वेल्ह्याचं डॉक्टर लिहूनच देईनात. म्हणलं, सरकारची परवानगी लागती, पुण्यालाच जा.”

“आमालाबी तसंच. गोळीला एवढं सही-शिक्के, म्हणलं जहरच आसंल. म्या अर्धी मोडून द्यायची.”

“म्याबी अर्धीच देती. सवय लागंल, आन् संपली की पुन्हा पुण्याला पळा.”

“मालक रातभर उशी चावायचं. म्या म्हणायची, सोसा थोडं. ते गेल्यावर सिस्टरबाई म्हणल्या, आख्खी दिली आसती तर निवांत झोपलं आसतं.”

म्हातारी तरणीकडं वळली.

“तुजा सासरा झोपतो का गं?”

तरणीनं मोबाईल काढून घरी नवऱ्याला फोन लावला.

“अवं, मामंजींची गोळीची येळ झाली. न्हाई, मोडू नका. डॉक्टरांनी सांगितली तशी आख्खी द्या.”

“पोरी, पाणी कोमट द्या म्हणावं. आमच्या मालकांना गार सोसायचं न्हाई.”