नदीच्या उतारावर राहिलेले सात जण

सभेचे अध्यक्ष आदरणीय पाद्री थॅडियस कोल, शेजारच्या परगण्यातून मुद्दाम आलेले न्यायाधीश विल्कॉक्स साहेब, आजचे सत्कारमूर्ती आपले कॅप्टन असाहेल पर्डी, गावचे पंच, आणि या प्रार्थनाघरात दाटीवाटीने बसलेल्या थॉर्नबरीच्या बंधुभगिनींनो,

कॅप्टनसाहेब परवा ओहायोला मुलाकडे निघणार आहेत, ते कायमचेच. गाडी भरून दारात उभी आहे. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला पंचांनी मला सांगितलं. मी पडलो गिरणीवाला. जात्याच्या घरघरीत जन्म गेला, त्यामुळे ऐकतो कमी आणि बोलतो मोठ्याने. मागच्या बाकांची सोय झाली म्हणायची.

तरुण मंडळींना इंग्लंडच्या राजाशी झालेल्या लढाईचे दिवस आठवायचे नाहीत. पगारी फौजेतले सेनापती आम्हाला हसायचे, कारण आम्ही आमचा कॅप्टन मतं घेऊन निवडायचो. म्हणजे कसं, तर दोन उमेदवार मैदानात उभे राहायचे आणि ज्याला जो हवा त्याच्या पाठीमागे तो जाऊन उभा राहायचा. चिठ्ठी नाही, आडपडदा नाही. सतराशे सत्त्याहत्तर साली एका बाजूला असाहेल पर्डी होते, पिंपं बनवणारे. दुसऱ्या बाजूला माझा थोरला भाऊ रूबेन टटल, लोहार. आणि मी जाऊन असाहेल यांच्या मागे उभा राहिलो.

रूबेन तिथूनच म्हणाला, "काय रे एनॉस, उन्हाचा त्रास होतो म्हणून तिकडची सावली धरलीस होय?" सगळे हसले. एका माणसाच्या फरकाने असाहेल जिंकले. तो एक माणूस कोण, हे मी सांगायला हवं का? संध्याकाळी हरलेल्या रूबेननेच सफरचंदाच्या दारूचा पहिला पेला माझ्या हातात दिला.

भावाला सोडून मी तिकडे का गेलो? रूबेन धाडसाचा, पण तापट. असाहेल मोजून मापून चालणारे. मला वाटलं, हा माणूस आपल्याला घरी परत आणील. आणि त्यांनी आणलं, हे आज सर्वांदेखत सांगायला हवं. चौपन्न माणसं परत आली. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे बाप आणि आजे त्यात होते. कॅप्टनसाहेब, त्याबद्दल हे गाव आपलं ऋणी आहे.

आता त्या सप्टेंबरातल्या दिवसाबद्दल. राजाची फौज नदीपाशी आली होती. आपल्या गिरणीच्या खाली जिथे पाणी गुडघाभर असतं त्या उतारावर रूबेन आणि सहा जण होते. बाकीचे आम्ही टेकडीवर. गावात सर्वांना जे ठाऊक आहे ते असं : कॅप्टनने माझ्या हाती मागे फिरण्याचा हुकूम पाठवला, रूबेनने तो हट्टाने मोडला, आणि स्वतःबरोबर सहा जणांना घेऊन मेला. लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी बाहेर जो दगड आज उभा केलाय त्यावर सोळा नावं आहेत आणि ही सात नाहीत, ती त्याचमुळे.

पाणी मिळेल का जरा? आभारी आहे.

हुकूम लिहिला होता, हे खरं. घेऊन मी निघालोही होतो. सफरचंदाच्या बागेची दगडी भिंत ओलांडणार, तोच कॅप्टनसाहेब म्हणाले, "एनॉस, थांब. मी सांगेन तेव्हा जा." मी भिंतीआड बसलो. ते आमच्या लोकांना टेकडीमागच्या वाटेने एकेक करून काढत होते. खाली उतारावर बंदुका चालू होत्या. तासभर चालल्या. मग थांबल्या. कॅप्टनसाहेबांनी टोपी काढली, माणसं मोजली आणि म्हणाले, "चला."

हिशेब बरोबर होता. ते सात जण मागे फिरले असते तर फौज आमच्या अंगावर आली असती. विरोधात उभा राहिलेला माणूसच त्यांनी तिथे का ठेवला, हे मी कधी विचारलं नाही. पण मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. वाट सरळ होती, खाली पोचायला पाव तासही लागला नसता. पुढे गावसभेत पंचांनी मला विचारलं, की हुकूम पोचवलास ना? कॅप्टनसाहेब म्हणाले, पोचवला. मी मान हलवली. तेव्हा लाज वाटली असं म्हणायला हवं, पण खोटं कशाला बोलू, काहीच वाटलं नाही. तीस वर्षं झाली, अजून नीटसं काही वाटत नाही. घरी जातो, मक्याची भाकरी खातो, झोपही लागते.

माझी भावजय टॅबिथा वहिनी शेवटच्या बाकावर एकट्याच बसल्यात. एकट्याच का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रूबेनच्या हट्टापायी सहा घरं बसली, असं त्यांच्या तोंडावर बोललं गेलं. त्या सहा विधवांपैकी एकीनेही इतक्या वर्षांत त्यांच्या शेजारी बसून प्रार्थना म्हटली नाही. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. त्यांना मी सांगितलं तेच ठाऊक.

सकाळी कॅप्टनसाहेब गिरणीवर आले होते. दगडावरच्या नावांचा विषय आज मी काढणार, हे त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "बोल बाबा. माझ्याच्याने होत नाही." बसा कॅप्टनसाहेब, बसा. उठू नका.

हा तो कागद. अध्यक्षमहाराज, आपल्यापुढे ठेवतो. घडी रूबेनने कधी उलगडली नाही. त्याच्यापर्यंत हुकूम आलाच नव्हता, मग तो मोडणार कसा? पाथरवट अजून गावात आहे आणि दगडाच्या तळाशी जागा आहे. सात नावांचा ठराव आजच व्हावा, एवढी विनंती.

कॅप्टनसाहेबांना प्रवास सुखाचा होवो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं. तीस वर्षं जे बोललो नाही ते पोटात घाला, असं मात्र मी कुणालाच म्हणणार नाही. वहिनी, तुम्हाला तर नाहीच.