हत्तीला लागलेली बोटं

“बुद्धिबळाचं आख्यान म्हणे! देव काय रजेवर गेलाय?”

ऐकलं हो, खांबाजवळच्या मावशी! माझे कान अजून शाबूत आहेत. देव कुठं जातोय? तो बसलाय पहिल्या रांगेत — बघत! आजचा प्रश्न त्या रांगेचाच. मंडळी, पाप करणारा एक. पण ते पाहून गप्प बसणाऱ्यांचं काय?

ऐका तर. कृष्णाकाठचा मुकुंद आठल्ये. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं, वत्सलाक्कानं वाढवला. पाटावर खडूनं घरं आखून, चिंचोक्यांची प्यादी मांडून तिनंच त्याला खेळ शिकवला. पहिला धडा कोणता? “मुकुंदा, मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा. मग जीव जाईना का!”

पोर वाढलं — थेट जगज्जेतेपदाच्या सामन्यापर्यंत! समोर इल्मार, बर्फाच्या मुलखातला, अबोल माणूस. दोघांची बरोबरी. शेवटचा डाव. इल्मार पाणी प्यायला उठला. पंच घड्याळाकडे बघत होते. मुकुंदानं हत्तीला बोटं लावली... चटका बसल्यासारखी मागं घेतली... अन् खेळला घोडा! जिंकला की!

पंचांनी पाहिलं नाही. इल्मारनं पाहिलं नाही. पहिल्या रांगेतल्या गाववाल्यांनी पाहिलं, अक्कानं पाहिलं. मग? मिरवणूक! चौकाला नाव! पेढे! तोंडात पेढा असताना बोलायचं तरी कसं, नाही का? हसा, हसा. तुम्हीही खाल्लेत असले पेढे.

अक्काच्या घशात मात्र तो पेढा बारा वर्षं तसाच अडकून राहिला.

बारा वर्षांनी पुन्हा तेच दोघं, तोच मुकुट! इल्मार वाळून काटकी झालेला, हाताला कंप. पुन्हा बरोबरी, पुन्हा शेवटचा डाव. या खेपेला इल्मार वरचढ. त्याचा हात घोड्यावर गेला, थबकला, मागं आला —

“हात लागला!” मुकुंद ओरडला. “पंच, आता घोडाच खेळायला हवा!”

पंचांनी हळूच विचारलं, “कंपानं चुकून लागला का हो? तसं असेल तर सोडून देऊ.”

एक ‘हो’, मंडळी! एवढंच म्हणायचं होतं!

“नाही,” इल्मार म्हणाला. “उचलायलाच नेला होता.”

घोडा खेळला. हरला. स्वतःचा राजा त्यानं पटावर अलगद आडवा केला, झोपलेल्या लेकराला निजवावं तसा.

टाळ्या! गाववाले नाचायला लागले. मुकुंद धावत आला, “अक्का, राखला गं मुकुट! भरव पेढा!”

अक्कानं हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. पोटच्या पोरासारखा भाऊ! दुसरं कोण होतं तिला? एका वाक्यात तो जाणार, हे तिला कळत होतं. तुम्ही काय काय गिळून बसलात ते मी नाही विचारत. ते तुमचं तुम्ही घरी जाऊन बघा. टाळ थांबवा रे जरा. हे सगळ्यांना ऐकू जाऊ दे —

“मुकुंदा,” अक्का म्हणाली, “त्या दिवशी तूही हत्तीला हात लावला होतास. मी पाहिलं होतं.”