ऐकणाऱ्याची जागा

— उलटा धरला होता? हो का? बघा, म्हणजे कळलंच तुम्हाला. आता अजून काय पुरावा हवा ताई, कागद उलटा की सुलटा हेही ज्याला समजत नाही, त्याला वाचता काय येणार कपाळ! माझ्यासाठी अक्षरं म्हणजे काळ्या मुंग्या, रांगेनं कुठंतरी निघाल्यात एवढंच दिसतं. घाला नाव तुमच्या संस्थेच्या यादीत, बिनधास्त घाला. वाचून दाखवायला याल बुधवारी संध्याकाळी? चालेल की. कुठलाही वार चालेल, माझ्याकडे वारांची काय टंचाई आहे! — बसा ना, उभ्या का? तिथं नको, त्या खुर्चीची स्प्रिंग वर आलीय, टोचेल. ह्या सोफ्यावर बसा, ह्याला नुसतं पुढचं कापड मारायचं राहिलंय. गिऱ्हाइकाचा आहे, पण गिऱ्हाईक कुठं बघायला येतंय? माझा हात चालू राहील हां, राग मानू नका, हात थांबला की मला बोलायचं सुचत नाही. एरवी काम करताना तोंडात बारीक खिळे असतात माझ्या, एकेक काढायचा नि ठोकायचा, सगळे सोफेवाले असंच करतात. आज तुम्ही आलात म्हणून वाटीत ठेवलेत.

तर काय म्हणत होतात — सगळ्या जगात चाललंय हे, वर्षातून एक दिवस सभागृहात सोहळासुद्धा होतो त्याचा? एकानं मोठ्यानं वाचायचं, चौघांनी ऐकायचं, आणि ऐकता ऐकता ज्यांना येत नाही त्यांनाही अक्षरं ओळखीची होतात — असंच ना? हसतोय खरा, पण तुम्हाला नाही हसत. आमच्या हिची आठवण झाली. ही म्हणजे आमची बायको, गेली ती. हे दुकान आहे ना, आपण बसलोय ते, इथं तिनं हेच केलं आयुष्यभर. तिला कुणी सांगितलं असतं ना, की बाई, तू करतेस ते जगभर करतात, तर म्हणाली असती, मग जगाला सांगा येताना आपापलं पाणी घेऊन या, इथं माझा घसा कोरडा पडतो. फटकळ होती. पण आवाज काय होता! उंच नाही, गोड तर अजिबातच नाही, पण मागच्या खोलीत असलात तरी एक शब्द सांडायचा नाही.

सुरुवात भांडणानं झाली. ती त्या कोपऱ्यात मशीनवर खोळी शिवायची. वरच्या मजल्यावर एक गवंडी राहायचा, तो आला तणतणत, की दिवसभर विटा उचलून येतो, संध्याकाळी तुमची घरघर डोक्यात जाते. म्हटलं, आता ही फाडून खाणार त्याला! पण नाही. मशीन बंद केलं, पुस्तक काढलं, आणि मला म्हणाली, अहो, तुमचे हात कामात आहेत, कान रिकामे आहेत, वाचू का? वाच म्हटलं. चार दिवसांत बघतो तर तोच गवंडी जिन्याच्या पायरीवर. म्हटलं, आता कशाचा त्रास? तर म्हणतो, काल ती पोरगी घर सोडून गेली, तिचं पुढं काय झालं? झालं! दुसऱ्या दिवशी समोरची इस्त्रीवाली आली, मग तिची सासू आली. बसायला काय, दुरुस्तीला आलेला सोफा असायचाच. एकदा एक साहेब आपला सोफा न्यायला आले टेम्पो घेऊन, बघतात तर त्यांच्या सोफ्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. ही म्हणाली, प्रकरण संपू द्या, मग उठतो. बसले ना साहेब खाली गोणपाटावर! टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी तोही आत आला.

आणि वाचताना ओळीखालून बोट फिरवायची. हळूहळू, शब्दाबरोबर. शेजारी इस्त्रीवाली बसायची, तिची नजर त्या बोटाबरोबर चालायची. शिकवते बिकवते असं काही नाही हां, फळा नाही, पाटी नाही. एक दिवस हिला ठसका लागला, ओळ अर्धी राहिली, आणि ती अर्धी ओळ इस्त्रीवालीनं पुरी केली. वाचून! तिची तिलाच भीती वाटली, तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मी हातोडी टाकून टाळ्या वाजवल्या.

मग हिनं नियम केला. ज्याला वाचता आलं त्यानं इथून उठायचं. हो, उठायचं! पुस्तक घ्यायचं, दुसरीकडे जायचं, आणि ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवायचं. इथं बसून जागा अडवायची नाही. इस्त्रीवाली हातापाया पडली, मला राहू दे म्हणाली, पण ही काय ऐकते! धाडली तिला मागच्या गल्लीत, भांडी घासणाऱ्या बायकांत. गवंड्याला आलं, तो बांधकामावर जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागला. असं एकेक करून आले, शिकले, गेले. आणि मी? मी दरवर्षी नापास. पालथ्या घड्यावर पाणी! सगळ्यांसमोर म्हणायची, ह्यांच्या डोक्यात काथ्या भरलाय, सोफ्यातला उरलेला. मी आपला गुडघ्यावर बसून खिळे मारतोय, ती वर सोफ्यावर बसून वाचतेय. खिळे तोंडात असले की बोलता येत नाही, पण हं म्हणता येतं. तेवढंच माझं काम, हं म्हणायचं. वाचणाऱ्याला हं लागतं ताई, तुम्हाला शिकवलं असेल संस्थेत. नाही शिकवलं? मग काय शिकवलं?

शेवटी शेवटी आम्ही दोघंच उरायचो बरेचदा. आणि तेव्हा लबाडी काय करायची! एका पुस्तकात खलाशी होता. वादळात बुडतो बिचारा. साफ लिहिलंय तिथं, बुडाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. आणि ही वाचते काय — पोहत पोहत किनाऱ्याला लागला, आणि त्यानं गाद्या-सोफ्यांचं दुकान टाकलं! चेहरा असा गंभीर, बोट ओळीखालून चाललेलं! मला हसताही येईना, बोलताही येईना, खिळा गिळलाच असता. आणखी एका गोष्टीत सासू चांगली होती, तर हिनं तिला —

काय?

तिथं बुडाला लिहिलंय हे मला कसं कळलं म्हणजे? काय कसं कळलं? — हां. ते. ते कुणीतरी सांगितलं असेल. इस्त्रीवालीनं. नाही, ती तेव्हा... ती तेव्हा येतच नव्हती इथं... थांबा, हा खिळा वाकडा बसला.

बघू नका असं. तुम्ही अगदी तिच्यासारखं बघताय.

बरं, पकडलंत. येतं मला. पुष्कळ वर्षं झाली, येतं. पण तो कागद मी मुद्दाम उलटा धरला असं म्हणाल तर तसं नाही, देवाशपथ. मला तसंच येतं. उलटंच! आता बघा ना तुम्ही कुठं बसलात नि मी कुठं बसलोय. ती तिथं बसायची, पुस्तक मांडीवर. मी इथं खाली, समोर. तिचं बोट मलाही दिसायचंच की, पण अक्षरं सगळी डोक्यावर उभी! मला वाटलं, असतीलच तशी. शब्द ऐकायचा, बोट बघायचं, खिळा मारायचा. इस्त्रीवालीच्याही आधी आलं मला. पण तिचं काय झालं ते बघितलं ना? टाळ्या वाजल्या आणि रवानगी. मी म्हटलं, आपण तोंड उघडायचं नाही. मला कुठं जायचं नव्हतं हो. दिवसभर खिळे ठोकायचे ते संध्याकाळी तिचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून. त्यासाठी लोकांनी अडाणी म्हटलं, म्हणू दे. आणि तुम्ही कागद उलटा बघून मघाशी आपणहून हळहळलात, तेव्हा म्हटलं, चला, कुणीतरी पुन्हा येईल वाचायला. एवढंच. दुसरं काही मनात नव्हतं.

तिला? तिला कळलं होतं की! मी तिला फसवतोय असं मला वाटत होतं, शहाणपण पाजळत होतो मनातल्या मनात. दवाखान्यात होती तेव्हा हातात पुस्तक धरवेना. तिची बोटं पांघरुणावरच हलायची, ओळीखालून फिरवावीत तशी. मला ते बघवलं नाही. उचललं पुस्तक, धरलं आपलं मला येतं तसं, आणि लागलो वाचायला. शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली, म्हातारा उलटं पुस्तक घेऊन काय बरळतोय! ही डोळे मिटून पडलेली. पान संपलं तेव्हा म्हणाली, सावकाश वाचा, गाडी सुटतेय का? नवल नाही, विचारणं नाही, काही नाही. म्हटलं, तुला माहीत होतं? तर म्हणाली, मी खोटं वाचलं की तुमची हातोडी थांबायची. म्हणजे तो खलाशी, ती सासू, ते सगळं मला डिवचायला होतं हो! मी खिळे थुंकून कधी एकदा म्हणतो, की अगं, असं नाहीये तिथं — ह्याची वाट बघत होती. की वाट बघत नव्हती, कोण जाणे. मी म्हटलं, मग नियम? मला का नाही घालवलंस? तर तिची बोटं पांघरुणावर एक ओळभर फिरली. मग म्हणाली, सगळेच शिकून गेले असते, तर मी कुणाला वाचून दाखवलं असतं?

असो. धूळ आहे इथं फार, ह्या जुन्या काथ्याची. डोळ्यांत जाते.

आता वाचतो ना. पुस्तकं सगळी तशीच आहेत, मागे कपाटात. वाचतो, पण मनातल्या मनात वाचलं तर मला ते लागतच नाही, शब्द कानावरून गेला पाहिजे. आणि मोठ्यानं वाचावं तर स्वतःच वाचायचं नि स्वतःच हं म्हणायचं. करून बघितलं. रिकाम्या सोफ्याकडे बघून हं म्हटलं, आणि माझी मलाच इतकी लाज वाटली! इस्त्रीवाली आहे अजून समोर. भली बाई, हात करते. पण तिला आता येतं ना, ती आपली घरी वाचते, फोनवर वाचते, सुनेला, नातीला वाचून दाखवते. तिला काय म्हणू, की तू जरा अडाणी हो नि इथं येऊन बस? गवंड्याचं तर काय, तो गेला गाव सोडून. आम्ही ह्या गल्लीत एवढी माणसं शहाणी केली ताई, की ऐकायला कुणी उरलंच नाही. चांगलंच झालं म्हणा. वाईट कसं म्हणायचं त्याला?

— हो, माहितीय. तुमचाही नियम असणार. ज्यांना येत नाही त्यांच्याचकडे जायचं. बरोबर आहे. काढून टाका माझं नाव, खोडा सरळ. — तिकडे? तुमच्या त्या दिवशी, सभागृहात? मी? नाही हो. समजतंय मला तुम्ही काय म्हणताय ते, माझ्यासारख्यानं वाचून दाखवावं, आणखी चौघांना येईल. तिनंही हेच म्हटलं असतं. पण मला वाचायचं नाहीये. इतका वेळ तेच तर सांगतोय. मला ऐकायचंय. हं म्हणायचंय मला. त्याची असते का संस्था कुठं? त्याचा असतो का जगभरात एखादा दिवस?

हे बघा, असं नका करू. काढू नका पिशवीतून ते पुस्तक. सहज म्हणून नको, पाच मिनिटं म्हणून नको आणि दया म्हणून तर नकोच नको. कुठंतरी एखादी म्हातारी असेल, जिला खरंच एक अक्षर येत नाही. तिच्या वाट्याचा बुधवार मी खाऊ का? तुम्ही आलात नि मला गोड लागलं तर मी दर बुधवारी तुमच्यासमोर अडाणी होऊन बसेन, मी स्वतःला ओळखतो. ठेवा आत. शाब्बास.

जा आता पोरी, उजेड आहे तोवर. मला हे कापड आज मारून टाकायचंय, उद्या टेम्पो येईल. जाताना दार ओढून घे, रस्त्याचा फार आवाज येतो —

नको. उघडंच राहू दे.