मंगळवारी व्याकरण, गुरुवारी वसाहती

...नाही, नाही, शाळेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही हो! शिकू दे की पोरीला! पण शिकलेलं शाळेतच ठेवून यायची काही सोय नसते का? मुलं छत्र्या विसरतात, डबे विसरतात, एक हातमोजा तर दर आठवड्याला विसरतात... धडे मात्र नेमके घरी आणतात! माझी नात टॅबिथा, सातवीत आहे, तिच्या त्या ऑल्ड्रिचबाईंचं वेळापत्रक मला झोपेत विचारा. मंगळवारी व्याकरण आणि गुरुवारी वसाहती! वसाहती म्हणजे आमच्या मॅसॅच्युसेट्सवर इंग्लंडच्या राजाची सत्ता होती, तेव्हाचा गावगाडा. दोन्ही विषय एकाच बाईंकडे, आणि बाईंचं ब्रीद काय, तर 'शिकाल ते घरी जगून बघा.' अहो बाई, तुम्ही राहता एकट्या, एका मांजराबरोबर. इथे चार माणसं आहेत, वर कुत्रा!

तुम्हाला सांगतो, आधी घरातली परिस्थिती समजून घ्या. बायको गेली, माझं घर विकलं, मुलगी लोरेन म्हणाली, "बाबा, आमच्याकडेच या." आलो. तिने मला स्वयंपाकघराच्या वरची खोली दिली. खाली शेगडी, वर ऊब. मार्चमध्ये आमच्याकडे बाहेर अर्धा बर्फ आणि अर्धा चिखल असतो, तेव्हा त्या खोलीची किंमत माझ्या गुडघ्यांना विचारा! पण तीच खोली जावयालाही हवी. कर्टिस त्याचं नाव. त्याने वल्हवायचं यंत्र घेतलंय. हो, वल्हवायचं! खाली पाणी नाही, नाव नाही, कुठे पोचायचं नाही, माणूस नुसता वल्हवतोय! आणि ते यंत्र म्हणे गॅरेजमध्ये गारठतं. यंत्र गारठतं! सासरा गारठला तर चालेल, त्याला तेलपाणी करावं लागत नाही.

तर एक दिवस फ्रिजच्या दारावर एक चकचकीत माहितीपत्रक आलं. 'मेपलछाया, ज्येष्ठांचं आनंदग्राम.' वर एक म्हातारा आणि एक म्हातारी फुगा उडवत हसतायत. एवढे दात त्या वयात एक तर नसतात, नाहीतर स्वतःचे नसतात. ते पत्रक तिथे लावलं कोणी? कोणीच नाही! ते आलं!

आणि मंगळवारी व्याकरण, बरं का! त्या संध्याकाळी जेवायला बसलो, कर्टिसने बीन्सचा चमचा उचलला आणि घसा साफ करून म्हणाला, "बाबांच्या सोयीच्या दृष्टीने थोडा विचार केला जातोय." टॅबिथाने ताबडतोब फ्रिजवरच्या पाटीवर ते वाक्य लिहिलं, खाली रेघ मारली, आणि खडू रोखून विचारलं, "पप्पा, कर्ता कोण?"

"अं?"

"विचार केला जातोय, तर तो करतंय कोण? ऑल्ड्रिचबाई म्हणतात, कर्ता लपवलेला दिसला की शोधायचा."

लोरेन ताटात बघायला लागली, कर्टिस खिडकीबाहेर. बाहेर अंधार होता, पण तो अगदी मन लावून बघत होता! मी म्हटलं, वा, पोरगी माझ्या बाजूची निघाली. मूर्ख मी. कारण मंगळवारनंतर काय येतो? गुरुवार!

पहिल्या गुरुवारी पोरीने घराचा गाव केला. स्वतः झाली गावपंच. आई कुंपणांची देखरेख करणार, म्हणजे बागेत मांजर आलं की हाकलायचं. पप्पा झाले झोपमोड्या. हसू नका, हा खरा हुद्दा होता! चर्चमध्ये प्रवचन चालू असताना जो डुलक्या काढेल त्याला काठीने ढोसायचं. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, तो पुरुषांसाठी, दुसऱ्या टोकाला पीस, ते बायकांसाठी. हे ज्याला सुचलं तो कसला भक्त! कर्टिसने फरशी पुसायच्या दांड्याला दाराची मूठ ठोकली आणि रविवारभर माझ्यामागे उभा राहिला. एरवी घरातला बल्ब बदलायला ज्याला महिना लागतो, तो माणूस माझी पापणी मिटायच्या आत ढोसत होता. मी ओरडलो, तर म्हणतो, "मी कुठे काय करतोय बाबा? शाळेचा अभ्यास आहे."

आणि मी? मी डुक्करराखा. मोकाट डुकरं धरायची. डुक्कर नाही, म्हणून पिकल्स नावाचा कुत्रा. तो मोकाट सुटला की मी चिखलातून त्याच्यामागे. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, सगळं गाव बघतंय, आणि मी कुंपणाखालून ओरडतोय, "पंचांच्या हुकमाने थांब!"

बरं, इथवरही मी सोसलं असतं. पण दुसऱ्या गुरुवारी टॅबिथा माझ्यासमोर येऊन बसली. "आजोबा, तुमचा जन्म कुठला?"

"डनफील्डचा. नदीपलीकडे. का गं?"

पोरीचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही इथले नाही?"

इथला नाही! अहो, ह्या गावच्या कचेरीत माझी हयात गेली! इथे जन्मलेल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर माझी सही आहे. पण आमचं गाव तुम्हाला माहीत नाही. नदीवर तो छपराचा पूल आहे ना, तो ओलांडून आलेला माणूस मरेपर्यंत पाहुणा. बायकोच्या अंत्यसंस्काराला एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "परका असून किती छान मिसळलात हो आमच्यात!" अहो, जी गेली तिचा नवरा मीच होतो!

तर पोरीने ताकीदच लिहून आणली. त्या काळी अशी देत, गावात कोणी परका येऊन राहिला आणि उद्या पोसावा लागेल असं वाटलं, की पंच सांगत, निघा. हिने माझ्या उशीवर ठेवली. 'ऑर्विल पीसली नावाचा इसम नदीपलीकडून येऊन पंचांच्या परवानगीवाचून राहत आहे. त्याने हद्द सोडावी.' मी म्हटलं, खेळ आहे, सोडून द्या. पण सकाळी खाली येतो तर कर्टिस ती वाचतोय, आणि हसतोय कसा... त्या फुगा उडवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा! म्हणाला, "आता कायदाच आहे म्हटल्यावर... मेपलछायात एक खोली रिकामी झाल्याचं कळवण्यात आलंय." रिकामी झाल्याचं! तिथे खोली रिकामी कशी होते, हे तुम्हाला सांगायला हवं का?

तुम्हाला सांगतो, त्या आठवड्यात मी बॅग पलंगाखालून काढून वर ठेवली. भरली नाही, नुसती ठेवली. लोरेन येऊन दारात उभी राहिली, मग बॅगेवरची धूळ पुसून गेली. आता ती मायेने पुसली की प्रवासासाठी पुसली, कोणाला विचारणार? व्याकरण तर मंगळवारी!

आला तिसरा गुरुवार. स्वयंपाकघरात ग्रामसभा. टॅबिथा सभापती, हातात मांस कुटायचा हातोडा. कर्टिस उभा राहिला. "ताकीद अमलात आणण्यात यावी, असा ठराव मांडण्यात येतो."

"थांबा पप्पा," टॅबिथा म्हणाली, "आज कायद्याचा पुढचा भाग झालाय. तुमचा जन्म कुठला?"

"माझा काय संबंध?"

"सभापतींमार्फत बोला! कुठला?"

"...ओहायो."

हातोडा आपटला. "परके. आणि लग्न झालेल्या बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं गाव. म्हणजे आई परकी."

"मी?" लोरेन किंचाळली. "अगं, ह्याच गल्लीत जन्मले मी!"

"आणि मुलांचं गाव म्हणजे बापाचं गाव. म्हणजे..." इथे पोरीचा आवाज जरा हलला, पण पंच तो पंच. "म्हणजे मीही परकी."

मग राहिलं कोण? टेबलाखाली बघितलं. पिकल्स! तो जन्मला ह्याच शेगडीमागे, आई गावातलीच, आणि बाप कोण ते गावात कोणालाच ठाऊक नाही. "बाप ठाऊक नसला की आईचं गाव धरतात," टॅबिथा म्हणाली. "कायद्यात आहे. मताचा अधिकार फक्त पिकल्सला."

कर्टिस लालबुंद झाला. "हे काय चाललंय? दर हिवाळ्यात इथला बर्फ मी उपसतो! वादळात तुझ्या आईला दवाखान्यात मी नेलं! हे छप्पर मी शाकारलं! मी इथे राहिलो, मी इथे राबलो, आणि नुसता जन्म दुसरीकडे झाला म्हणून मी परका?" आणि बघा हं, एवढ्या भाषणात एकदाही कर्ता लपला नाही. जिथे तिथे मी, मी, मी!

टॅबिथाने शांतपणे विचारलं, "मग हाच न्याय आजोबांनाही लावायचा ना?"

आणि कर्टिस काही म्हणायच्या आत लोरेन, माझी गरीब लोरेन, टेबलावर हात आपटून ओरडली, "अनुमोदन! आणि ते पत्रक मीच फ्रिजवर लावू दिलं, ते मीच काढते. कर्ता, मी!" आणि तिने ते फाडलं, टराटरा!

पण मत पडायला हवं ना! कर्टिस कसला हरतोय, त्याने फ्रिजमधून बेकनची पट्टी काढली आणि मतदाराच्या नाकापुढे धरली. माझ्याकडे होतं काय? ह्या स्वेटरला चिकटलेले त्याचेच केस! पिकल्सने बेकन खाल्लं, कर्टिसचा हात चाटला, शेपूट हलवली... आणि जिना चढून माझ्या खोलीत गेला. आम्ही सगळे मागोमाग. तर हा पलंगावर, बॅग खाली ढकलून, आडवा!

हातोडा! "मतदाराने जागा ठरवली आहे. खोली पिकल्सची. इथल्या रहिवाशाने परक्याला आपल्या जबाबदारीवर ठेवून घेतलं, तर चालतं."

तर राहिलो. यंत्र गॅरेजमध्ये गारठतंय, बाईंनी पोरीला वर शाबासकी दिली, सगळं ठीक आहे. फक्त पलंगाच्या मधोमध तो असतो आणि काठावर मी. आणि 'जरा सरक रे बाबा' म्हटलं, की एक डोळा उघडून असा बघतो माझ्याकडे... असा बघतो, की पुढचा प्रश्न विचारायच्या आत मीच सांगून टाकतो.

"डनफील्ड. नदीपलीकडे. झोप तू."